सहा बेटे आणि एक तंबू
(वर्धापनदिनी मंडळात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीबाईंनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि घड्याळही माझ्यापुढेच आणून ठेवले आहे. तेव्हा प्रस्तावना आटोपती घेते. सहलीचा विषय निघाला तेव्हा गोव्याच्या दिवाड बेटावर सायकलींनी फिरावे आणि एक रात्र तंबूत काढावी, अशी सूचना मी केली होती. त्यावरून मंडळात दोन तट पडले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. एक म्हणाल्या, या वयात गुडघे मोडून घ्यायचे का? दुसऱ्या म्हणाल्या, बायकांनी उघड्यावर निजायचे तरी कसे? तिसऱ्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पहिल्या दोघींना मात्र मी जे केले आणि पाहिले ते सांगावयाचे आहे.

माझा मुलगा आणि सून नोकरीनिमित्त ओसाकाला असतात. ऑक्टोबरअखेरीस मी त्यांच्याकडे होते. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही शाळेला सायकलने जात होता ना? चला, बेटांवरून जाऊ." मुलगा लगेच म्हणाला, "आई, तू बसने ये, आम्ही पलीकडे भेटू." आपल्या मुलांना आपली फार काळजी असते, आणि ती काळजी नेमकी आपल्या हौसेच्या आड येते, असा माझा अनुभव आहे. शेवटी त्याला ऑफिसात ठेवून आम्ही दोघीच निघालो. लग्नाला तीन वर्षे झाली होती, पण सुनेच्या सहवासात सलग दोन दिवस मी कधी काढले नव्हते. खरे सांगते, मला पुलांपेक्षा त्याचीच धास्ती अधिक वाटत होती.

जपानच्या होन्शू आणि शिकोकू या दोन मोठ्या बेटांमध्ये सेतो नावाचा शांत समुद्र आहे आणि त्यात लहान बेटांची नुसती पेरणी झालेली आहे. ओनोमिचीपासून इमाबारीपर्यंत सहा बेटे पुलांनी जोडून एक रस्ता नेला आहे; त्याचे नाव शिमानामी काइदो. पहिला मोठा पूल 1979 साली झाला आणि शेवटचे पूल 1 मे 1999 रोजी खुले झाले. सायकलवाल्यांची वाट सुमारे 70 किलोमीटर भरते. रस्त्याच्या कडेने एक निळी रेघ ओढलेली आहे आणि इमाबारी किती उरले ते जागोजाग लिहिले आहे. नकाशा न पाहताही बाई वाट चुकायची नाही.

ओनोमिचीत भाड्याच्या दोन सायकली घेतल्या. कॅरिअरवर तंबू, दोन पांघरुणे, भाजणीचा डबा आणि मेतकूट. सकाळी फेरीबोटीने पाच मिनिटांत मुकाइशिमाला उतरलो. दहाबारा किलोमीटरनंतर पहिला पूल आला, इन्नोशिमाचा, आणि तिथे गुडघ्यांचा प्रश्न उभा राहिला. पुलाखालून मोठाली जहाजे जायची, म्हणून पूल उंच. आणि पूल उंच, म्हणून सायकलला चढ. पण हा चढ बांधणाऱ्यांनी मोठ्या समजुतीने बांधला आहे. सायकलींसाठी निराळी वाट, झाडीतून वळणे घेत जाणारी, शंभर मीटरला जेमतेम तीन मीटर चढणारी. आपल्या घाटांच्या मानाने हा चढ म्हणजे काहीच नाही. मी गिअर हलका केला आणि पायडल मारीत राहिले. दोनदा उतरून हातात धरून चालले, त्यात कसली लाज! या पुलावर मोटारी वरच्या मजल्याने जातात आणि सायकली त्याखालच्या जाळीच्या बोगद्यातून.

इन्नोशिमा हे हास्साकू नावाच्या संत्र्याच्या जातीचे माहेर. पूर्वी मुराकामी घराण्याचे दर्यावर्दी इथे राहात. जहाजांना वाट दाखवीत आणि त्याबद्दल जकात घेत. आता बेटावर तरुण माणसे थोडी आणि बागांतून काम करणाऱ्या बहुतेक माझ्याहून वडील बाया. रस्त्याच्या कडेला फळी, फळीवर संत्र्यांच्या पिशव्या, शेजारी पैशांचा डबा, आणि माणूस कोणी नाही! शंभर येनचे नाणे टाकायचे आणि पिशवी उचलायची. आपल्या हळदीकुंकवाच्या वर्गणीला असा डबा ठेवावा काय, हे खजिनदारबाईंनी ठरवावे.

तिसरे बेट इकुचिजिमा, लिंबांचे. इथे कोसान्जी नावाचे एक भडक रंगांचे देऊळ आहे. ओसाकाच्या एका पोलादी नळ्यांच्या कारखानदाराने आई वारल्यावर भिक्षूची दीक्षा घेतली आणि 1936 पासून पुढे तीसेक वर्षे तिच्या स्मरणार्थ हे देऊळ बांधले. सूनबाई म्हणाली, "तुमच्या मुलाला सांगू का?" मी म्हटले, "देऊळ नको, आठवड्याला एक फोन पुरे." आम्ही दोघी मोकळेपणी हसलो ती तेव्हा पहिल्यांदा.

जेवण बाकावर बसूनच झाले. भाताचे मुटके आणि आत उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ. आपल्या लोणच्याची सख्खी बहीणच म्हणा ना.

साडेतीनला गुडघा दुखू लागला. ऑक्टोबरअखेर तिथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो आणि तातारा पुलापलीकडे पोचल्याशिवाय तंबूची जागा नव्हती. सूनबाईने काही न बोलता माझ्या कॅरिअरवरचे ओझे आपल्या कॅरिअरवर बांधले आणि माझ्या मागे राहिली. पुढे राहिली असती तर मी तिला गाठायला धावले असते, हे तिने कसे ओळखले कोण जाणे. तातारा पुलाचा मधला गाळा 890 मीटरांचा. आधी झुलता पूल बांधायचा बेत होता. परंतु त्याच्या दोरांच्या नांगरासाठी डोंगर खोदावा लागला असता, म्हणून 1989 मध्ये बेत बदलून पंख्यासारख्या तारांचा पूल केला. मनोऱ्याखाली उभे राहून टाळी वाजवली की आवाज दोन खांबांमध्ये घुमत वर चढत जातो; लोक त्याला रडणारा ड्रॅगन म्हणतात. तिन्हीसांज होत आलेली, खाली पाणी काळसर पडलेले, आणि आम्ही सासूसुना आरतीला उभ्या राहिल्यासारख्या टाळ्या वाजवीत होतो!

आता दुसरा प्रश्न, निजण्याचा. ओमिशिमावर पुलाच्या पायथ्याशीच तंबूंचा तळ आहे. नाव आधी नोंदवलेले होते. तिथे मला काय सापडले? दिवा, नळ, भांडी घासायला मोरी आणि स्वच्छ संडास. एवढेच! पण मैत्रिणींनो, बाई घराबाहेर रात्र काढू शकते की नाही, ते धैर्यावर कमी आणि या चार गोष्टींवर अधिक ठरते. आपल्याकडे आपण दिवसाच्या प्रवासातसुद्धा पाणी पिण्याचे टाळतो. का, ते मी या सभेत सांगावयास नको. शेजारच्या तंबूत दोन मुलींना घेऊन आलेली एक आई होती. आम्ही त्यांना थालीपीठ दिले, त्यांनी आम्हांला चहा दिला. भाषेवाचून काही अडले नाही. जमीन मात्र टणक आणि पहाटे थंडी फार. पांघरूण जाडच न्यावे.

सकाळी ओयामाझुमी देवळात गेलो. तिथे जुन्या चिलखतांचा प्रसिद्ध संग्रह आहे. त्यातले एक, छातीशी रुंद आणि कमरेशी अरुंद, त्सुरुहिमे नावाच्या लढवय्या मुलीचे मानतात. दंतकथा असेल, पण सूनबाई त्यापुढून हलेना.

उरलेली वाट थोडक्यात सांगते, कारण घड्याळ पाहिले. मिठासाठी नावाजलेले हाकाता, मग ओशिमा, आणि शेवटी कुरुशिमा सामुद्रधुनीवरचे ओळीने तीन झुलते पूल, सुमारे चार किलोमीटरांचे. खाली पाणी नदीच्या पुरासारखे पळते. इथे जहाजांचा नियम मजेचा आहे: ओहोटीभरतीच्या ओघाबरोबर जाणाऱ्याने मधल्या वाटेने जावे, ओघाविरुद्ध जाणाऱ्याने पश्चिमेच्या. म्हणजे ओघ फिरला की जहाजांच्या वाटाही फिरतात. दुपारी दोनला इमाबारीत सायकली परत दिल्या. गुडघा दोन दिवस शेकला, तिसऱ्या दिवशी बरा.

दिवाड याहून कितीतरी सोपे आहे. जुन्या गोव्याहून फेरीबोट, खाजणांमधून सपाट रस्ते, चढ एका टेकडीचा, आणि तोही ज्यांना हवा त्यांच्यासाठी. निजावयाचे ते ओळखीच्या घरच्या अंगणात. संडासाची व्यवस्था मी स्वतः आधी जाऊन पाहून येईन. ज्यांना सायकल येत नाही त्यांना रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणावर शिकवायला मी तयार आहे. तंबू मी बरोबर आणला आहे, मागच्या खोलीत उभारून ठेवला आहे. चहाच्या वेळी आत शिरून पाहावे. एका वेळी दोघीच मावतात.