राँग नंबर पुन्हा पुन्हा येतो तेव्हा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)

आज कर्जवसुलीवर बोलायचं होतं, ते पुढच्या सभेत घेऊ. गेल्या महिन्यात तीन गटांत एकच गोष्ट कानावर आली, तीही बैठक संपल्यावर, चपला घालता घालता. "मॅडम, एक नंबर सारखा येतो. पण घरी सांगू नका हं."

काही फोन खरंच चुकून येतात. बंद पडलेला मोबाईल नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग जुन्या मालकाचे पाहुणे, हप्तेवाले तुम्हाला फोन करतात. त्यांना सांगायचं, "हा नंबर आता माझ्याकडे आहे." बहुतेक जण ऐकतात.

दुसरा प्रकार वेगळा. बाईचा आवाज ऐकून तो 'सॉरी' म्हणतो आणि दहा मिनिटांनी परत लावतो. जेवलात का, विचारतो. त्याला नाव-गाव सांगू नका. एकदाच, स्पष्ट बोला: "मला तुमच्याशी बोलायचं नाही. परत फोन करू नका." शिव्या नकोत, हसणंही नको. (अवघडलं की हसायची आपली सवय!) हेच मेसेज करून ठेवलंत तर आणखी चांगलं, कारण ते लेखी राहतं.

या वाक्याला कायद्यात वजन आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 78 प्रमाणे, बाईने नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष जवळीक साधायला वारंवार संपर्क करत राहिला तर तो गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

मग नंबर ब्लॉक करा. साध्या फोनात ती सोय नसेल तर 'उचलू नको' नावाने सेव्ह करा. एका काकूंनी 'डोकेदुखी' नाव दिलंय! त्याचे मेसेज मात्र पुसू नका. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा. बचतीचा हिशोब ठेवणाऱ्या आपण, हे काय अवघड आहे?

धमकी दिली, फोटो मागितले, घरी येतो म्हणाला, तर थांबू नका. तातडीला 112, महिला हेल्पलाइन 181. पोलीस ठाण्यात ग्रामसंघातल्या दोघींना सोबत न्या, वहीही न्या.

आता 'घरी सांगू नका'बद्दल. एका गावात सुनेला असेच फोन यायचे. ती गप्प राहिली, नवऱ्याला कळलं आणि त्याने तिचाच फोन काढून घेतला. छळणारा तिसराच, शिक्षा हिला. ती गटाची सचिव. बँकेचे मेसेज बंद, माहेरचं बोलणं बंद. शेवटी गटातल्या दोघी सासूबाईंकडे गेल्या, वही दाखवली. एकोणीस फोन, हिने केलेला एकही नाही. सासूबाईंनीच लेकाकडून फोन घेऊन सुनेच्या हातात दिला.

म्हणून पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं यासाठी ठेवा. ज्यांना असे फोन येतात त्यांनी तिथेच सांगायचं, म्हणजे घरी बोलायला दोघी सोबत येतील. आणि रिचार्जला गेलात की दुकानात चारचौघांत नंबर मोठ्याने सांगू नका. चिठ्ठीवर लिहून द्या, आणि ती चिठ्ठी परत घ्या.