माहिती गहाळ होते, भुर्दंड कोणाला?

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुढे अनेक गावांत पसरलेल्या त्या उठावाचा मुख्य रोख सावकाराच्या तिजोरीपेक्षा त्याच्या दप्तरावर होता. रोखे, खते आणि हिशेबाच्या वह्या यांची होळी करण्यात आली. निरक्षर कुणब्यालाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती : ज्याच्या हाती आपली नोंद, त्याच्या हाती आपली मान. आज ते दप्तर अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावते आणि सदऱ्याच्या खिशातून हिंडते. ते गहाळ झाले किंवा चोरीस गेले, तर नुकसान कोणाचे, हा आजचा विषय आहे. हा विषय संगणकतज्ज्ञांचा आहे असा एक समज प्रचलित आहे. वस्तुतः तो अर्थकारणाचा, आणि म्हणून राजकारणाचाही विषय आहे.

आपल्याच राज्यातील उदाहरणाने आरंभ करणे योग्य होईल. देशातील पहिली आधार कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात मोठ्या समारंभाने वाटण्यात आली. पुढे अडीच वर्षांनी, एप्रिल २०१३ मध्ये, सुमारे ३ लाख अर्जदारांची माहिती नष्ट झाल्याची कबुली महाराष्ट्र शासनाला द्यावी लागली. मुंबईहून बंगळूरच्या केंद्रीय यंत्रणेकडे ती पाठविली जात असताना हार्ड डिस्क निकामी झाली, आणि जे पोहोचले ते उलगडता आले नाही. ही माहिती संकेतबद्ध होती, म्हणजे तिला सांकेतिक कुलूप होते. त्यामुळे ती परक्याच्या हाती लागण्याची भीती कमी होती, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. परंतु निकामी डिस्कची किंमत कोणी मोजली? ज्यांनी एक दिवसाची मजुरी बुडवून रांगेत बोटांचे ठसे दिले होते, त्यांनीच पुन्हा रांगेत उभे राहायचे होते. तीन लाख माणसांची एकेक दिवसाची मजुरी कोणत्याही खात्याच्या ताळेबंदात दिसत नाही.

माहितीला कुलूपच नसेल तर काय होते, हे ब्रिटनने दाखवून दिले. ऑक्टोबर २००७ मध्ये तेथील महसूल खात्याने बालभत्त्याची संपूर्ण नोंदवही दोन तबकड्यांवर उतरवून लेखापरीक्षकांकडे साध्या टपालासारखी रवाना केली. तीत अडीच कोटी माणसांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि अनेकांचे बँक-तपशील होते. त्या तबकड्या पोहोचल्या नाहीत आणि पुढेही सापडल्या नाहीत. लेखापरीक्षकांनी बँकेचे तपशील मागितलेलेच नव्हते. ते गाळून द्यायचे तर संगणकाचे काम पाहणाऱ्या खाजगी कंपनीला जादा पैसे मोजावे लागले असते, म्हणून ते गाळले गेले नाहीत. अल्पशी बचत खात्याची, आणि धोका मात्र अडीच कोटी नागरिकांचा! अर्थमंत्र्यांना पार्लमेंटमध्ये निवेदन करावे लागले, खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. ते सरकार मजूर पक्षाचे होते, हे आपण समाजवाद्यांनी विसरून चालणार नाही. नोकरशाहीच्या हाती अमर्याद नोंदी सोपविल्या, तर पक्षाचा रंग कोणताही असला तरी परिणाम एकच होतो.

सहकाराच्या जिल्ह्यात दुसरे उदाहरण अधिक बोलके ठरावे. ब्रिटनमधील ‘नेशनवाइड’ ही गृहकर्ज संस्था सभासदांच्या मालकीची आहे. २००६ मध्ये तिच्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून ग्राहकांची माहिती असलेला लॅपटॉप चोरीस गेला. त्यात नेमके काय आहे हे संस्थेच्या ध्यानी न आल्याने चौकशी सुरू व्हायलाच तीन आठवडे लागले. २००७ मध्ये तिला ९ लाख ८० हजार पौंड दंड झाला. दंड योग्यच होता. पण सभासदांच्या मालकीच्या संस्थेचा दंड अखेर सभासदांच्याच पैशातून जातो. म्हणजे माहितीही त्यांचीच गेली आणि पैसाही त्यांचाच गेला. सभासद जागरूक नसेल तर सहकारातही मालकी कागदावर राहते, हा त्याचा अर्थ. जुन्या यंत्रांची कथा निराळी नाही. निकामी ठरविलेल्या डिस्क माहिती न पुसताच लिलावात विकल्या गेल्या, म्हणून मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन वित्तसंस्थेला २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. दीड कोटी ग्राहकांची माहिती अशा प्रकारे भंगाराच्या वाटेला लागली होती.

या सर्व घटनांचे मूळ एकच आहे. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्येच खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाची मीमांसा केली होती. कारखाना धूर सोडतो, नफा मालकाचा होतो आणि खोकला वस्तीला लागतो. ग्राहकाच्या माहितीचेही तसेच आहे. ती गोळा करण्यापासूनचा लाभ संस्थेला मिळतो. सांकेतिक कुलूप, वेगळी प्रत, प्रशिक्षित माणूस यांचा खर्च संस्थेला करावा लागतो. हानी मात्र ग्राहकाला सोसावी लागते. अशा स्थितीत संस्था कमीत कमी खर्च करील हे उघड आहे. तिला सदुपदेश करून भागणार नाही. हानीचा भार तिच्या हिशेबात आणून ठेवला पाहिजे. हे काम कायद्याचे आहे.

आपला कायदा ते करतो काय? न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. माहितीच्या सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आकडा डोळे दिपविणारा खरा. परंतु तो सर्व पैसा भारताच्या संचित निधीत जमा व्हायचा आहे. ज्याचे खाते रिकामे झाले त्याला त्यातील एक पैसाही मिळण्याची सोय नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ या कलमात नुकसानभरपाईचा जो मार्ग होता, तो याच कायद्याने रद्द ठरविला आहे. उलट कर्तव्यात चुकलेल्या नागरिकाला १० हजार रुपयांपर्यंत दंड करण्याची तजवीज मात्र आहे.

अंमलबजावणीचा क्रमही पाहावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर झाले, तेव्हा माहिती अधिकार कायद्याचा संकोच करणारी दुरुस्ती तत्काळ लागू करण्यात आली. माहिती सांभाळण्याची संस्थांची मुख्य बंधने मात्र १८ महिन्यांनी लागू व्हावीत असे ठरले. सरकारच्या दप्तरावर पडदा ताबडतोब, नागरिकाच्या दप्तराला कुलूप सवडीने!

रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात अधिक न्याय्य तत्त्व स्वीकारले. खात्यावर अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला आणि बँकेची हयगय असेल, तर ग्राहकावर भार नाही. दोष व्यवस्थेत अन्यत्र असेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर भार नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा बोजा बँकेवर टाकण्यात आला. पण या छत्राखाली पतसंस्था येत नाहीत, कारण त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रणच नाही. बीडसारख्या जिल्ह्यात गरिबाची ठेव पतसंस्थेत असते. जिथे छत्राची गरज सर्वाधिक, तिथेच ते नाही.

आता उमापूरच्या बाजारपेठेकडे पाहू. ऊसतोडीला निघणारे जोडपे उचल घेते तेव्हा आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासबुकाची प्रत मुकादमाकडे जाते. पीकविम्यासाठी सातबारा आणि आधार सेवा केंद्रात जातात. सिमकार्डासाठी अंगठा, रेशनसाठी अंगठा. या सगळ्याच्या प्रती कोणाच्या संगणकात किती वर्षे राहतात, ते यंत्र विकले जाते तेव्हा आतील डिस्कचे काय होते, हे विचारण्याची पद्धतच पडलेली नाही. शिवाय पासवर्ड बदलता येतो. बोट बदलता येत नाही. २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठशांवरून रबरी अंगठे बनवून सिमकार्डे सुरू केल्याचे उघडकीस आले. कोयता धरून रेषा झिजलेला खरा अंगठा यंत्र नाकारते आणि रबराचा स्वीकारते, हा या व्यवस्थेतील क्रूर विनोद आहे.

तेव्हा कार्य दुहेरी आहे, संघर्षाचे आणि रचनेचे. संघर्षाच्या मागण्या तीन : हानी सोसणाऱ्याला थेट भरपाई, निर्दोषत्व सिद्ध करण्याचा बोजा संस्थेवर, आणि पतसंस्थांनाही तेच बंधन. रचनेचे काम उद्यापासून सुरू करता येईल. प्रत्येक झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करण्याची सवय लावावी. आधारवरील बोटांचे ठसे एरवी कुलूपबंद ठेवता येतात, ही सोय घरोघर समजावून द्यावी. खात्यातून पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे आणि बँकेला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आणि पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नफा-वाटणीच्या विषयाआधी चार प्रश्न विचारावेत : सभासदांच्या माहितीच्या प्रती किती, त्या कोणाच्या ताब्यात, त्यांना सांकेतिक कुलूप आहे काय, आणि जुने संगणक कोठे गेले?

या प्रश्नांना उत्तरे पहिल्या वर्षी मिळणार नाहीत, कदाचित हशा होईल. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा विचारावेत, आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. १८७५ साली शेतकऱ्याला दप्तर जाळण्यावाचून मार्ग दिसला नाही, कारण ते तपासण्याचा अधिकार त्याला नव्हता. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा त्या आगीनंतर आला. आज सभासदाला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. तो वापरला गेला, तर आगीची वाट पाहावी लागणार नाही.