गाडीतला जळका वास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात मी मोटारगाडीवर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. परंतु विषय आपलाच आहे. डाळ बुडाशी लागली की दूध शेगडीवर करपले, हे आपण बाहेरच्या खोलीत बसून वासावरून सांगतो. तेच नाक गाडीतही वापरावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा गाडीतील एसी ही आता चैन राहिलेली नाही. नव्याने तयार होणाऱ्या मालमोटारींच्या केबिनलाही सरकारने तो सक्तीचा केला आहे. मात्र एसी लावला म्हणजे काचा बंद होतात, आणि कुठेही काही जळत असले तर त्याचा वास थेट आपल्या तोंडावर येतो.

धूर दिसत असेल तर परीक्षा करीत बसू नये. गाडी डावीकडे थांबवावी, इंजिन बंद करावे, मुलांना व म्हाताऱ्या माणसांना आधी उतरवून सर्वांनी बरेच दूर जावे आणि ११२ वर फोन करावा. बॉनेट उघडू नये. हवा मिळाली की आग भडकते. पेटलेल्या तारांवर पाणीही ओतू नये.

धूर नसेल, नुसता वास असेल, तर तीन गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली गोष्ट, बाहेरची हवा बंद करावी. त्यासाठी वळलेल्या बाणाचे चित्र असलेले बटण असते. वास कमी होत गेला तर तो बाहेरून येतो आहे. आपल्याकडे कापूस निघाल्यावर शेतात पऱ्हाटी जाळतात; तो वास पुढच्या शिवारात आपोआप जातो. रस्ता मोकळा असूनही ते बटण काढताच वास परत आला, तर तो बहुधा बॉनेटखालचा; गळके तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडत असण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट, एसी बंद करून नुसता पंखा, म्हणजे ब्लोअर, चालू ठेवावा. जळक्या रबराचा वास आणि किंचाळल्यासारखा आवाज एसी बंद होताच थांबला, तर कॉम्प्रेसर अडकत आहे किंवा त्याचा पट्टा घसरत आहे असे समजावे. मग गॅरेजपर्यंत एसी लावू नये.

तिसरी गोष्ट, ब्लोअरही बंद करावा. तारेचा किंवा प्लास्टिकचा वास तेव्हा थांबला, तर दोष ब्लोअरच्या मोटारीत, तिच्या तारांत किंवा तिचा वेग कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरमध्ये असतो. बऱ्याच गाड्यांत रेझिस्टर जळाला की पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावर चालतो. ही खूण लक्षात ठेवावी. कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत काचेखालच्या जाळीतून पाने आत जातात, उंदीर घरटे करतात, तारा कुरतडतात. म्हणून ती जाळी घरीच साफ करावी.

एसी आणि ब्लोअर दोन्ही बंद करूनही वास राहिला, तर हँडब्रेक ओढलेला तर नाही ना, ते पाहावे. ब्रेक आणि क्लच घासले तरी जळका वास येतो.

आणखी एक. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी तेथे मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा साधी तार बसवू म्हणाले, तर साफ नाही म्हणावे. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचविण्यासाठी. तार बसविली की फ्यूजऐवजी गाडीतील वायरिंग जळते.

मिस्त्रीला नुसते “वास येतो” असे सांगू नये. वास कशासारखा, एसी लावल्यावर किती वेळाने, पंख्याच्या कोणत्या वेगावर आणि काय बंद केल्यावर थांबला, एवढे सांगावे. त्याचा वेळ आणि आपले पैसे, दोन्ही वाचतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. त्यांत आपल्या वर्ध्याचीही माणसे होती. ती आग अपघाताने लागली. वासाची सूचना तेथे मिळालीच नव्हती. पण बंद गाडीत आग किती थोडा वेळ देते, हे त्या रात्रीने आपल्याला शिकविले. ज्या आगीची सूचना आधी मिळते, तिची तरी हयगय करू नये.

भगिनींनो, चालविणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते. वास पुष्कळदा शेजारी बसलेल्या बाईला आधी येतो. ती बोलते, आणि “काही नाही, उगाच घाबरतेस” असे म्हणून गाडी पुढे जाते. माझे मागणे एवढेच की, त्या वेळी गप्प बसू नका. “गाडी थांबवा,” असे स्पष्ट म्हणा. वास खोटा निघाला तर दहा मिनिटे जातील. खरा निघाला तर आपली माणसे वाचतील.