वाघोबा कुठंय?



मी पेंटर. दुकानाच्या पाट्या, जयंतीच्या कमानी रंगवून पुण्यात पोट भरतो. मागल्या साली घोडेगावाकडं एका कचेरीच्या कंपाउंडचं काम मिळालं. ठेकेदार म्हणाला, "वारली काढ. आदिवासी भाग आहे, निसर्ग दिसला पाहिजे." रेट चौरस फुटावर. मीही काढली. गेरू नाही, तांदळाचं पीठ नाही. डिस्टेंपर आणि मोबाइलमधले फोटो.

आता वारली राहतात डहाणू, तलासरी, जव्हारकडं. तिथं लग्नाचा चौक बाया लिहितात, मधे पालघाट देवी. जिव्या सोमा मशेंनी ती कला कुडावरून कागदावर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. जुन्नर-आंबेगावात महादेव कोळी, ठाकर, कातकरी. पण साहेबाच्या लेखी सगळे आदिवासी एकाच छापातले.

तिसऱ्या दिवशी हिरड्याचं गाठोडं घेतलेली एक म्हातारी थांबली. भिंत न्याहाळली. म्हणाली, "ब्येस काढलंस बाबा. पण आमचा वाघोबा कुठंय?"

मी गप. मग तिनंच सांगितलं. शिवेवरचा दगड, त्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला, म्हणजे अश्विन वद्य द्वादशीला, खिरीचा निवद. गुरं राख म्हणून हात जोडायचे. भ्यायचंही त्यालाच, मानायचंही त्यालाच.

संध्याकाळी मी मोराशेजारी वाघ काढला, चंद्र-सूर्यासकट. सकाळी ठेकेदार पेटला. "बिबट्यावरून लोक आधीच तापलेत, पुस ते!"

पुसला. मजुरी अडकली होती. लपवत नाही.

ह्यांच्या निसर्गात मोर चालतो, शेकरू चालतं. १९८५ ला भीमाशंकरचं अभयारण्य झालं, पण त्या रानात हिरडा वेचणारी बाई चित्रात नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडालेली घरं नाहीत. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, दीडशेवर माणसं गाडली. तो डोंगर निसर्ग नव्हता काय?

आणि ठेकेदाराला शिव्या घालून मी सुटत नाही. आपल्या वस्तीच्या भिंतीवर न विचारता कुणी ब्रश लावला तर आपण रस्त्यावर उतरतो. मी इथं कुणाला विचारलं होतं?

नवं काम आलंय, शाळेची भिंत. आधी वाडीवर जाणार. काय काढायचं ते त्यांनी ठरवायचं, ब्रश त्यांच्या हातात, मजुरीही त्यांचीच. मी फक्त रंग कालवीन. म्हातारीचं नाव विचारायचं राहिलं. रविवारी पहिल्या एस्टीनं शोधायला निघतोय. कोण येतंय बोला.