नौकेवरचा संडास



आजचा विषय फळ्यावर लागला त्या संध्याकाळी एक स्नेही मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, "फळा लिहिणाऱ्याने काही घोटाळा केला आहे, जाऊन पुसून घ्या." घोटाळा नाही. या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले, कांद्याचे अर्थशास्त्र ऐकले, तारांगणही ऐकले. आज संडासावर ऐकावयाचे आहे, आणि तोही देवळ्यात नाही अशा वस्तूवरचा. चाणकापूरचे आवर्तन सुटलेले नसेल तर वैशाखात गिरणेच्या पात्रात कागदाची होडी सोडायलाही डबके शोधावे लागते, तेथे शिडाच्या नौकेची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आम्ही शेवटाकडे देऊ. जेवून आलेल्या मंडळींनी मात्र थोडे सांभाळून घ्यावे.

गोव्यात आमचे एक जुने मित्र राहतात. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी एक लहानशी शिडाची नौका घेतली. मौजेसाठी, मासेमारीसाठी नव्हे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हांस मांडवीच्या मुखाशी दोन रात्री नौकेवर राहण्यास बोलावले. आमची कल्पना अशी, की पाय ठेवताच ते शिडे, सुकाणू, होकायंत्र दाखवतील. त्यांनी आम्हांस सरळ खाली नेले, एका कपाटाएवढ्या खोलीचे दार उघडले, आणि एका चिनीमातीच्या भांड्यासमोर उभे करून अर्धा तास धडा दिला. पहिला नियम असा: जे आधी तोंडातून पोटात गेलेले नाही, ते या भांड्यात टाकायचे नाही. पातळ कागदाचे दोन तुकडे एवढीच काय ती सूट.

आम्हांस हसू आले. संडास कसा वापरावा हे या वयात कोणी शिकवावे! पण घरच्या संडासाचे सगळे शास्त्र एका गोष्टीवर उभे आहे, आणि ती गोष्ट नौकेवर नसते. घरी पाण्याची टाकी वर आणि खड्डा खाली असतो. साखळी ओढली की पाणी आपल्या वजनाने खाली धावते आणि सर्व काही बरोबर नेते. नौकेत भांड्याचा काठ बहुधा बाहेरच्या पाण्याच्या पातळीजवळ, पुष्कळदा तिच्याही खाली असतो. म्हणजे 'खाली' ही दिशाच शिल्लक उरत नाही. बुडाला भोक पाडून ठेवले तर घाण बाहेर जाण्याऐवजी समुद्र आत येईल. जे न्यायचे ते आधी वर चढवावे लागते.

त्यासाठी भांड्याच्या बाजूला हातपंप असतो. आपल्या गावातला हापसा ज्याने मारला आहे त्याला तो कळायला वेळ लागणार नाही, फक्त हा दोन कामांचा हापसा आहे. एकाच दट्ट्याची वरची बाजू बाहेरून समुद्राचे पाणी ओढून भांड्यात सोडते, आणि खालची बाजू भांड्यातले ओढून बाहेरच्या नळीत ढकलते. शेजारी एक लहानशी खुंटी असते. ती एका बाजूला केली की बाहेरचे पाणी येऊ लागते, दुसऱ्या बाजूला केली की पाणी बंद होऊन पंप केवळ भांडे रिकामे करतो. या दोन अवस्थांना नाविक 'ओले' आणि 'कोरडे' म्हणतात. काम झाले, की खुंटी कोरड्यावर. हा दुसरा नियम.

पंपाच्या तोंडाशी रबराची एक झडप असते. ही सर्व यंत्रणेतली सर्वांत स्वस्त वस्तू, आणि सर्वांत महत्त्वाची. बदकाच्या चोचीसारखे तिचे दोन ओठ असतात. आतून दाब आला की ओठ उघडतात. दाब थांबला की मिटतात, आणि गेलेले परत येऊ देत नाहीत. काही काळाने ओठ सैल पडतात, त्यांच्यात काही अडकते, मग माघारी गळती सुरू होते. मित्र दर पावसाळ्यात ती बदलतात. काढलेली एक झडप आम्ही मागून आणली आहे, ती पुढे दाखवू.

आता या टेबलावर ज्या दोन बादल्या मांडल्या आहेत त्यांच्याकडे वळू. ही रबरी नळी आम्ही भरलेल्या बादलीच्या काठावरून खालच्या बादलीत सोडतो. पिंपातले डिझेल तोंडाने ओढून काढणारे येथे पुष्कळ आहेत, त्यांना हे नवीन नाही. एकदा धार लागली, की कोणी न ओढताही पाणी काठ चढून पलीकडे उतरत राहते. शाळेच्या पुस्तकात हिला वक्रनलिका म्हणत. आता असे समजा, की भरलेली बादली म्हणजे समुद्र, आणि खालची बादली म्हणजे नौकेतले भांडे. रात्री नौका धक्क्याला बांधून माणूस घरी गेला, आणि धार मात्र लागलेली राहिली. सकाळी तो येईल तेव्हा त्याला फक्त डोलकाठीचे टोक दिसेल. धक्क्याला बांधलेल्या नौका याच रीतीने बुडाल्याची उदाहरणे नाविकांत मुबलक आहेत.

यावर उपाय कसा केला आहे पाहा. या नळीला वळणाच्या माथ्यावर आम्ही दाभणाने भोक पाडले आहे आणि त्यावर बोट धरले आहे. बोट उचलतो. धार तुटली! माथ्यावर हवा शिरली, आणि पाण्याची साखळी तुटली. नौकेतही दोन्ही नळ्या प्रथम पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर नेऊन, उलट्या यूसारखे वळण देऊन खाली आणतात, आणि वळणाच्या माथ्यावर हवा आत घेणारी एक चिमुकली झडप बसवतात. शिवाय नौकेच्या अंगाला जेथे भोके आहेत तेथे घट्ट तोट्या असतात. नौका सोडून जाताना त्या मिटणे हा तिसरा नियम.

इतके ऐकूनही पहिल्या रात्री आम्ही व्हायचे ते केलेच. दहा हापसे मारले, भांडे स्वच्छ दिसले, आणि समाधानाने जाऊन निजलो. खुंटी ओल्यावरच राहिली. योगायोग असा, की माथ्यावरच्या त्या चिमुकल्या झडपेत मीठ साचून ती चिकटली होती. पहाटे पायाला गार लागले. भांडे काठोकाठ भरून लादीवर पाणी सांडत होते, आणि त्या पाण्याबरोबर जे परत आले होते त्याचे वर्णन या सभेत करणे बरे नव्हे. दहा हापशांनी मैला वळणाचा चढच ओलांडू शकला नव्हता. नळीच्या लांबीप्रमाणे निदान वीस हवे होते. मित्रांनी तोटी मिटली, काही न बोलता बादली व फडके आमच्या हाती दिले, आणि चहा करावयास गेले.

तो दिवस आम्ही पुष्कळसा त्या खोलीतच काढला, आणि खरे सांगतो, शिडांपेक्षा तेथेच अधिक शिकलो. नौकेवरच्या संडासाला जी कुजक्या अंड्यासारखी घाण येते ती पुष्कळदा माणसाची नसतेच. समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म जीव असतात. ते नळीत अडकून मरतात आणि तो वायू तयार होतो. तसेच लघवी आणि खारे पाणी एकत्र आले, की नळीच्या आत चुन्यासारखा पांढरा थर धरतो आणि नळी अरुंद होत जाते. मित्र अधूनमधून त्यात व्हिनेगर ओततात. आमच्या आजीने तांब्याच्या घागरीला चिंच लावली, त्यातलाच हा प्रकार.

पूर्वी एवढी खटपट नव्हती. जुन्या शिडाच्या गलबतांवर खलाशी नाकाडाच्या पुढे जाऊन बसत. वारा बहुधा पाठीमागून, त्यामुळे दुर्गंध पुढे जाई, आणि लाटा जागा धुऊन काढीत. इंग्रजी नाविक आजही संडासाला जहाजाचे 'डोके' म्हणतात, ते यावरूनच. पाण्याच्या पातळीखाली संडास आला तेव्हा यंत्र आले, आणि यंत्राबरोबर धोका आला. 14 एप्रिल 1945 रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ यू-1206 ही जर्मन पाणबुडी संडासापायी गेली. खोल पाण्यातही वापरता येईल असा तिचा संडास होता, आणि त्याच्या झडपा ठरलेल्या क्रमानेच उघडाव्या लागत. त्या दिवशी कोणाचा हात चुकला याच्या दोन कथा सांगतात; समुद्र आत आला याविषयी दुमत नाही. खाली विजेच्या बॅटऱ्या होत्या. त्यांना खारे पाणी लागताच क्लोरीनचा विषारी वायू सुटला, पाणबुडी वर आणावी लागली, वर शत्रूची विमाने होती. शेवटी ती सोडून द्यावी लागली, आणि माणसेही दगावली.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याकडचे आहे. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2010 मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत चार बंदरे, बाकी सारे पाणी. अशा प्रवासात रबराची एक झडप फाटली तर हाक मारायला कोणी नसते. आपल्या घरातली प्रत्येक नळी कोठून येते आणि कोठे जाते हे एकट्या नाविकाला अंधारात हात लावून सांगता यावे लागते.

कोठे जाते, हाच तो प्रश्न. मित्रांच्या नौकेत मैल्याच्या नळीवर तीन तोंडांची एक तोटी आहे. एका बाजूला फिरवली तर मैला समुद्रात जातो, दुसऱ्या बाजूला फिरवली तर सुमारे पन्नास लिटरच्या एका टाकीत. बंदरात व नदीच्या मुखाशी ते टाकीच वापरतात. दर वेळी दोनतीन लिटर पाणी जाते, तेव्हा दोन माणसांना ती दोनतीन दिवसांत भरते. टाकीला हवेची नळी असते. ती तुंबली तर आत कुजण्याची रीत बदलते, घाण वाढते, आणि पंप मारताना टाकी फुगून फुटूही शकते. पाश्चात्य देशांतील अनेक बंदरांत धक्क्यावर पंप असतो. नौकेच्या पाठीवरच्या झाकणाला त्याची नळी लावली, की टाकी ओढून घेतली जाते. तशी सोय नसेल तर दूर समुद्रात जावे लागते. जहाजांच्या सांडपाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय नियम 27 सप्टेंबर 2003 पासून अमलात आला. साठवलेला कच्चा मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पलीकडे, चार नॉट किंवा अधिक वेगाने जात असताना, थोडा थोडा सोडावा असे तो सांगतो. तो 400 टनांच्या किंवा पंधराहून अधिक माणसे नेणाऱ्या जहाजांना लागू आहे. आमच्या मित्रांची नौका त्यापुढे किस झाड की पत्ती. तरीही ते तो पाळतात. आम्ही कारण विचारले तेव्हा त्यांनी किनाऱ्याकडे बोट केले. ओहोटीला तेथे बायका तिसऱ्या वेचीत होत्या.

श्रीनगरच्या दल सरोवरात हाउसबोटींचा मैला वर्षानुवर्षे थेट पाण्यात गेला, आणि शेवटी न्यायालयाला लक्ष घालावे लागले. आपल्या जिल्ह्यात गंगापूर धरणाच्या काठी बोट क्लब झाला. त्या धरणाचे पाणी नाशिक शहर पिते. अशा जागी चांगल्यात चांगला नौकेवरचा संडास म्हणजे काठावरचा संडास, असे आमचे मत आहे.

आता देवळ्याकडे येतो. परत आल्यावर चारआठ दिवसांनी आम्ही घरच्या संडासात उभे राहून स्वतःला विचारले, हे कोठे जाते? आणि आम्हांस सांगता येईना. ज्या घरात तीस वर्षे राहिलो त्याची सेप्टिक टाकी नेमकी कोठे आहे हे ठाऊक नव्हते. गवंड्याला बोलावले. झाकण अंगणातल्या नव्या फरशीखाली सापडले. हवेची नळी गच्ची करताना कोणीतरी कापून तोंड बुजवले होते. आणि टाकीतून बाहेर पडणारी नळी शोषखड्ड्यात न जाता सरळ गटारात सोडलेली होती. टाकीत गाळ खाली बसतो आणि काहीसा कुजतो, एवढेच. वरून निघणारे पाणी रोगजंतूंनी भरलेलेच असते. ते गटारातून नाल्यात, पावसाळ्यात नाल्यातून गिरणेत, गिरणेतून मालेगावच्या बाजूने तापीत, आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. मांडवीच्या मुखाशी जो समुद्र आहे तोच हा. आमचे मित्र बारा मैल जाऊन जे टाळत होते ते आम्ही अंगणातून करीत होतो.

पण पाण्याहून वाईट भाग पुढे आहे. ही टाकी दोनतीन वर्षांनी उपसावी लागते. आमची कधी उपसल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते. गवंडी सहज म्हणाला, "गाडी बोलावण्यापेक्षा एखादा माणूस उतरवू, स्वस्तात होईल." नौकेच्या नळीतला तो कुजक्या अंड्यांचा वायू बंद टाकीत साठतो. थोडा असेल तर नाकाला कळतो. फार असेल तर नाकच बधिर होते, वास येत नाही, आणि उतरलेला माणूस वर येत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही. संरक्षक साधनांवाचून माणसाला असे उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. आकडा वाढवावा लागला, कारण माणसे मरत राहिली. आम्ही गवंड्यावर रागावलो. मग ध्यानात आले, की आजवर अशा शेकडो झाकणांवरून आम्ही चालत गेलो आणि आत कोण उतरले हे एकदाही विचारले नाही.

कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम फार पूर्वी हातात घेतले होते. भंग्याचे काम स्वतः केले आणि मैल्याचे खत करणारे साधे संडास करून दाखवले. आज जो दोन खड्ड्यांचा संडास सांगतात त्याचेही तत्त्व असेच सरळ आहे: एक खड्डा भरला की दुसरा वापरावा, पहिला वर्षभर किंवा थोडा अधिक मिटून ठेवावा. मग त्यातून निघते ती माती, मैला नव्हे. डाळिंबाच्या बागेत ती घालायला हरकत नाही. भूजल उथळ असेल, विहीर जवळ असेल, तर मात्र अंतर राखावे लागते.

आमच्या अंगणातली फरशी फोडली आहे. टाकी यंत्राच्या गाडीने उपसून घेतली, हवेची नळी पुन्हा गच्चीपर्यंत नेली, आणि शोषखड्ड्याचे काम चालू आहे. खाली मुरूम लागला, त्यामुळे गवंडी खूश आहे. घरची मंडळी अद्याप नाहीत.

ती रबरी झडप येथे टेबलावर ठेवली आहे. साबणाने धुऊन आणली आहे, हातात घेऊन पाहावी. ओठ कोठे सैल झाले आहेत ते उजेडात धरले म्हणजे दिसते.