नियम लिहिणारी वादक

व्याख्यानमालेच्या चौथ्या पुष्पाचा विषय पत्रिकेत ‘संगीत आणि संगणक’ असा छापला होता. वक्त्यांनी माईक हातात घेताच तो बदलून टाकला. संगणकाविषयी नव्हे, एका बाईविषयी बोलायचं आहे, आणि त्या निमित्तानं एक मुद्दा तुमच्या गळी उतरवायचा आहे, असं त्यांनी आधीच बजावलं. मुद्दा असा, की संगीताचे नियम रचणारा माणूस हा गायक-वादकांचा मदतनीस नव्हे, तोही कलावंतच. “पटलं नाही तरी साडेआठपर्यंत बसा,” या वाक्याला संध्याकाळचा पहिला हशा मिळाला.

बाई म्हणजे लॉरी स्पीगल. जन्म 1945चा, शिकागोतला. लहानपणी मँडोलिन, गिटार, बँजो ही वाद्यं ती नुसती ऐकून ऐकून शिकली. स्वरलिपी विसाव्या वर्षी स्वतःच शिकली आणि तेव्हा कुठे तिच्या रचना कागदावर उतरू लागल्या. पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियर्डमध्ये रचनेचं शिक्षण, मग कूपर युनियन आणि न्यूयॉर्क विद्यापीठात अध्यापन, चित्रपट-टीव्हीसाठी संगीत, आणि या सगळ्याच्या जोडीला प्रोग्रामिंग. असा परिचय वाचताना सूत्रसंचालकांना धाप लागते, पण वक्त्यांच्या मते ही चार कामं नव्हतीच. वाद्यानं काय सांभाळायचं आणि वादकाच्या हाती काय ठेवायचं, हे एकच कोडं ती चारही ठिकाणी सोडवत होती.

1973पासून स्पीगल न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये जाऊ लागली. तिथले संगणक-संगीताचे संशोधक मॅक्स मॅथ्यूज “आपल्याला माहीतच आहेत” असं म्हणून वक्त्या पुढे सरकल्या. सभागृहातल्या चेहऱ्यांवर तसं काही दिसत नव्हतं. त्या काळचा संगणक इतका संथ, की आवाज तिथल्या तिथे घडवणं त्याला झेपत नसे. म्हणून मॅथ्यूज आणि रिचर्ड मूर यांनी ‘ग्रूव्ह’ या यंत्रणेत कामाची वाटणी केली होती. आवाज सिंथेसायझरनं काढायचा, त्याला काय काढायचं ते संगणकानं सांगायचं. वादकानं नॉब फिरवला की ती हालचाल साठवली जाई आणि नंतर दुरुस्तही करता येई. आणि नॉब व आवाज यांच्या मधोमध स्वतःचा प्रोग्राम बसवायला जागा होती. नॉब फिरला की एक स्वर चढेल, की स्वरांची दाटी वाढेल, हे ठरवणारी फोर्ट्रानमधली ओळ स्पीगलची. 1980ची ‘द एक्स्पांडिंग युनिव्हर्स’ ही ध्वनिमुद्रिका याच यंत्रणेवर घडली.

पाठोपाठ 1981मध्ये तिनं स्वरसमूहांवर करता येणाऱ्या क्रियांची एक यादीच प्रसिद्ध केली. समूह वर-खाली सरकवणं, उलटा वाजवणं, फिरवणं, तोडणं, लय ताणणं, पुन्हा पुन्हा म्हणणं. “ओळखीचं वाटतंय का?” असं वक्त्यांनी विचारताच पुढच्या रांगेतून “पलटे!” असा आवाज आला, आणि व्याख्यानाची गाडी देवगिरीकडे वळली.

ती बराच वेळ परतली नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात स्वरांचे सगळे क्रम मांडण्याची रीत आहे. वक्त्यांनी फळा मागवला, पहिला खडू मोडला, दुसऱ्यानं त्यांनी सा, रे, ग यांचे सहा क्रम लिहिले: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चार स्वरांचे चोवीस, पाचांचे 120, सातांचे 5040. एवढे कोण लिहीत बसणार? म्हणून शार्ङ्गदेव खंडमेरू नावाचा तक्ता देतो. त्यातल्या आकड्यांवरून कितव्याही क्रमांकाची तान थेट काढता येते, आणि तान दिली तर तिचा क्रमांक. आधीच्या हजारो ताना लिहायची गरज नाही. “हा अल्गोरिदम आहे,” असं म्हणून वक्त्यांनी खडू खाली ठेवला.

“म्हणजे संगणक आमच्याकडे आधीच होता!” मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. वक्त्या मात्र खूश दिसल्या नाहीत. यंत्र नव्हतं, पद्धत होती, आणि तेवढी थोरवी पुरेशी आहे, असं त्यांनी जरा तोडूनच सांगितलं. शिवाय 5040 ताना ओळीनं म्हणणं म्हणजे गाणं नव्हे. उस्ताद अमीर खाँ याच क्रमपद्धतीचा, म्हणजे मेरुखंडाचा, गाताना आधार घेत, पण त्यातलं काय घ्यायचं ते राग आणि लय पाहून. निवडीचा नियमच खरा अवघड, आणि तो सुचायला कान लागतो. याच वेळी कार्यवाहांची चिठ्ठी व्यासपीठावर पोचली. दहा मिनिटं उरली होती आणि ज्यासाठी व्याख्यान होतं ते सॉफ्टवेअर अजून यायचंच होतं.

‘म्यूझिक माउस’ 1986मध्ये आलं, मॅकिंटॉशवर, मग अमिगा आणि अटारीवरही. माउस पडद्यावर आडवा-उभा हलवला की स्वर उमटतात. कोणत्या स्वरसमूहातले घ्यायचे आणि बाकीच्या स्वरांनी सोबत जायचं की उलट दिशेनं, हे प्रोग्राम सांभाळतो. चुकीचा स्वर लागतच नाही. “मग रियाज कशाला?” हा प्रश्न पेटीच्या एका शिक्षकांकडून आला आणि सभागृह त्यांच्या बाजूनं हसलं. स्वर सांभाळले तरी जोर, लय, तुटकपणा आणि थांबणं हे वादकाच्याच बोटांवर राहतं, त्यासाठी कीबोर्डच्या कळा वेगळ्या ठेवल्या आहेत, असं वक्त्यांनी सांगितलं. शिक्षकांची मान हलली, पण होकारार्थी नव्हे.

उरलेल्या मिनिटांत व्हॉयेजर हे अंतराळयान आलं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं 1619मध्ये ग्रहांच्या कमी-जास्त वेगांना स्वर दिले होते. पृथ्वीच्या वाट्याला अर्ध्या स्वराचीच ये-जा आली, बुधाला सप्तकाहून जास्त. ते गणित स्पीगलनं संगणकाकरवी ऐकू येईल असं केलं आणि 1977मध्ये ते व्हॉयेजरसोबत अवकाशात निघालेल्या सोनेरी तबकडीवर गेलं. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर 1 निघालं 5 सप्टेंबरला, केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. लोकांना आता केसरबाईंचंच ऐकायचं होतं. “त्यांच्यावर पुढच्या वर्षी बोलवा,” असं म्हणून वक्त्यांनी तो आग्रह टोलवला.

शेवटचा प्रश्न श्रेयाचा होता. नियम केप्लरचा, चाल ग्रहांची, मग स्पीगलचं काय? आवाज कसा लागावा आणि किती वेळ ऐकवावा हे कुणी ठरवलं, असं वक्त्यांनी उलट विचारलं. पेटीवाले शिक्षक उभे राहिले. आपला साथीदारही हेच ठरवतो, पण पत्रिकेत त्याचं नाव बारीक अक्षरात छापतात, असं ते म्हणाले. वक्त्यांना हे फार आवडलं. त्या उत्तर द्यायला पुढे झाल्या, तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.