शोभेचं इंजिन, बेताच्या खर्चात

रेल्वे इंजिनाची प्रतिकृती नुसती कपाटात मांडायची असेल, तर मोटारीचे पैसे मोजायची गरज नाही. अमेरिकेत बिनमोटारीच्या इंजिनाला ‘डमी’ म्हणतात. खेळण्याच्या गाडीला दोन इंजिनं जोडली, तरी ओढायचं काम एकच करतं. डमी नुसतं सोबत धावतं.

ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून इंजिन तयार करतात. किटमास्टर कंपनीचे असे काही साचे १९६२ मध्ये एअरफिक्सकडे आणि पुढे डापोलकडे गेले.

मला मात्र मोटार जळालेलं जुनं इंजिन जास्त भावतं. बंद पडलं म्हणून ते स्वस्त मिळतं. रंग आणि बारकावे मात्र कारखान्यातलेच. घेताना चिमणी, बफर आणि तारेएवढे बारीक कठडे बोट फिरवून तपासा. तुटतात ते हेच.

‘एचओ’ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, २० मीटरचं इंजिन जेमतेम २३ सेंटिमीटर भरतं. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात हे माप प्रत्यक्ष पाहा, आणि मगच खरेदीला निघा.